फ्रिजच्या दारात कोणती बाटली हवी?

मी सॉस आणि ड्रेसिंग तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. हे कळलं की लोक बाकी काही विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारतात: केचप फ्रिजमध्ये ठेवायचं की बाहेर? लग्नाच्या पंगतीत, प्रवासात, एकदा तर दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या मला हे विचारलं गेलंय. विचारणाऱ्याच्या घरात यावरून कुणाचं तरी कुणाशी तरी वाजलेलं असतं. एकाला बाहेर राहिलेलं केचप म्हणजे पोट बिघडण्याची खात्री वाटते, दुसऱ्याला गरम खाण्यावर थंडगार केचप नको असतं, आणि दोघांनाही माझ्या तोंडून आपल्या बाजूचा निकाल ऐकायचा असतो.

तो निकाल एका वाक्यात देता येतो. उघडलेलं केचप काही आठवडे बाहेर राहिलं म्हणून आजारपण येत नाही. फ्रिजमध्ये ठेवलं तर त्याचा रंग आणि चव जास्त दिवस टिकते. पण मला काळजी केचपची नाहीच. केचप न चुकता फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या कित्येक घरांत गॅसशेजारी लसणाच्या पाकळ्या घातलेल्या तेलाची बाटली आठवडेच्या आठवडे उभी असते. ती दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. घाबरायचं जिला ती बाटली बाहेर आणि जिला घाबरायचं काही कारण नाही ती आत, असा उलटा प्रकार आहे हा. म्हणून सगळं सविस्तर लिहायला बसलेय.

आधी हे बघू की सॉस खराब का होत नाही. भाजी, डाळ, दूध एका दिवसात नासतं, मग टोमॅटोपासूनच बनलेलं केचप महिनोन्‌महिने कसं टिकतं? कारण ते बनवतानाच त्यात जंतूंची सोय होणार नाही अशी व्यवस्था केलेली असते. हे करायच्या मुख्य वाटा तीन: आंबटपणा वाढवणं, मीठ किंवा साखर घालून पाणी अडवणं, आणि परिरक्षक म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह घालणं. कुठल्या बाटलीत यातलं काय किती आहे हे कळलं की ती कुठे ठेवायची याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

आंबटपणाचं माप म्हणजे पीएच. आकडा जितका लहान, तितका पदार्थ आंबट. आमच्या कामात ४.६ हा आकडा देवासारखा मानतात. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेला कारणीभूत असणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू पीएच ४.६ किंवा त्याहून खाली वाढू शकत नाही. केचपचा पीएच साधारण ३.५ ते ३.९ असतो. तयार मस्टर्डही, म्हणजे मोहरीचा सॉस, चारच्या खाली असतं. व्हिनेगर घालून केलेले मिरचीचे सॉस बहुतेक याच टापूत किंवा अजून खाली. नुसतं व्हिनेगर तर अडीचच्या आसपास.

पण नुसता आकडा सगळं सांगत नाही. आम्ल कुठलं आहे यालाही महत्त्व आहे. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल या कामात फार तरबेज. पीएच ३.८ च्या आसपास असताना या आम्लाचे दहातले नऊ रेणू न फुटलेले, अखंड असतात. अखंड रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे जंतूच्या पेशीचं आवरण तो सहज ओलांडतो. पेशीच्या आतलं वातावरण मात्र जवळजवळ उदासीन, म्हणजे आंबट नसलेलं. तिथे पोहोचल्यावर रेणू फुटतो आणि पेशी आतूनच आंबट व्हायला लागते. जंतू ते आम्ल बाहेर ढकलण्यात आपली सगळी ताकद खर्च करतो. वाढायला त्याच्याकडे काही उरत नाही. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही परिरक्षकंही याच रीतीने पेशीत शिरतात, म्हणून तीसुद्धा आंबट पदार्थातच नीट काम करतात. कमी आंबट पदार्थात बेंझोएट घालून फारसा उपयोग नाही. लेबलवर प्रिझर्व्हेटिव्हचं नाव दिसलं म्हणजे आता काही होत नाही, असं समजणाऱ्यांना हे मी नेहमी सांगते.

केचप फ्रिजच्या आधीपासून आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. हाइन्झ कंपनीचं केचप अमेरिकेत १८७६ मध्ये बाजारात आलं. घरगुती विजेचे फ्रिज तिथे १९१० च्या दशकात दिसू लागले आणि खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचले ते १९२७ नंतर. मधल्या काळात लोकांनी केचप कपाटातच ठेवलं. तेव्हाच्या बऱ्याचशा केचपमध्ये बेंझोएट असायचं, कारण टोमॅटोचा उरलेला चोथा आणि साली वापरून ते पातळसर केलेलं असे आणि उघडल्यावर आंबून जाई. अमेरिकी कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वे वायली यांनी अशा परिरक्षकांविरुद्ध मोहीमच उघडली होती. शुद्ध अन्न आणि औषधांचा १९०६ चा कायदा झाला त्यात त्यांचा मोठा वाटा. हाइन्झने त्या सुमारास बेंझोएट काढून टाकलं आणि पिकलेले टोमॅटो, जास्त व्हिनेगर आणि जास्त साखर यांच्या जोरावर केचप टिकवून दाखवलं. आज आपल्याला केचपची म्हणून जी घट्ट, आंबटगोड चव माहीत आहे, ती त्या टिकवण्याच्या धडपडीतून आलेली आहे. मला ही गोष्ट मनापासून आवडते. चव आणि टिकाऊपणा एकाच निर्णयातून जन्माला आले.

त्याच हाइन्झने २०२३ मध्ये समाजमाध्यमावर केचप फ्रिजमध्येच ठेवा असं ठणकावून सांगितलं आणि पुन्हा एकदा सगळीकडे वाद रंगला. मला त्यात विसंगती दिसत नाही. बनवणाऱ्याला आपला माल शेवटच्या चमच्यापर्यंत पहिल्या दिवसासारखा लागावा असं वाटतं, आणि थंडावा त्यात मदत करतो.

थंडाव्याने नेमकं काय होतं ते मी रोज डोळ्यांनी बघते. प्रत्येक बॅचच्या काही बाटल्या आम्ही राखून ठेवतो. काही थंड कपाटात, काही साध्या तापमानाला, काही मुद्दाम गरम खोलीत. ठरलेल्या तारखेला त्या उघडायच्या आणि एका पांढऱ्या टाइलवर शेजारी शेजारी एकेक थेंब टाकायचा. थंडीतल्या बाटलीचा थेंब लालभडक, टाइलवर घुमटासारखा उभा. साध्या तापमानातला थोडा काळवंडलेला, कडेने किंचित पाणी सुटलेलं. गरम खोलीतला विटकरी तपकिरी, आणि नाकाशी नेला तर ताज्या टोमॅटोऐवजी जळकट गुळासारखा वास. तिघांचाही पीएच जवळजवळ सारखाच भरतो. तिन्ही खाल्ले तरी पोटाला काही होणार नाही. पण जेवायला बसल्यावर तुम्ही हात कुठल्या बाटलीकडे न्याल हे उघड आहे. टोमॅटोचा लाल रंग ज्या लायकोपीनमुळे येतो ते हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू विरतं, आणि साखर व अमिनो आम्लं यांच्यातल्या प्रक्रियेमुळे तपकिरीपणा चढतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की अशा प्रक्रिया ढोबळमानाने निम्म्या वेगाने होतात. म्हणून केचप महिन्याभरात संपणारं घर असेल तर बाटली खुशाल बाहेर ठेवा, आणि चार-सहा महिने पुरवणारं असेल तर आत.

बाटलीच्या तोंडाशी काळपट कडं जमतं, त्यावरूनही लोक घाबरतात. ते सुकलेलं, हवा लागून काळं पडलेलं केचप असतं. ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्या फडक्याने, आणि झाकण घट्ट लावायचं. मात्र बाटली फुगलेली दिसली, झाकण उघडताना फुस्स झालं किंवा आत बुडबुडे दिसले तर ती सरळ टाकून द्यायची. आंबटपणा सहन करणारे काही यीस्ट आणि जिवाणू असतात, ते आत जाऊन वायू तयार करतात. जुन्या बाटलीत उरलेलं केचप नव्या बाटलीत ओतायची सवय बऱ्याच ठिकाणी असते, खाणावळींत तर हमखास. ती मोडाच. जुन्यातले पाहुणे नव्या भरलेल्या बाटलीत आयते जाऊन बसतात.

आता पाणी अडवण्याबद्दल. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं मोकळं किती आहे हे महत्त्वाचं. मीठ आणि साखर पाण्याला धरून ठेवतात, आणि धरलेलं पाणी जंतूंना वापरता येत नाही. याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची १, आणि ०.६ च्या खाली कुठलाही जंतू वाढत नाही. बहुतेक जिवाणू ०.९ च्या आसपासच थांबतात, बुरशी मात्र चिवट, ती ०.८ पर्यंत आणि काही जाती त्याहूनही खाली तग धरतात. मध ०.६ च्या आसपास किंवा त्याहून खाली असतो. त्याला फ्रिजची गरज नाहीच, उलट थंडीत तो लवकर दाणेदार होऊन घट्ट बसतो. दहा ते पंधरा अंशांच्या दरम्यान त्याचे खडे सर्वांत वेगाने होतात. घट्ट लागलेल्या झाकणाच्या बरणीत, कोरड्या कपाटात मध वर्षानुवर्षं राहतो. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध चाटवू नये, मग तो कुठेही ठेवलेला असो, कारण त्यात बोट्युलिनमचे बीजाणू, म्हणजे त्या जिवाणूची सुप्त, चिवट रूपं, असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजू शकतात. हे वाक्य या विषयाच्या थोडं बाहेरचं आहे, पण ते लिहिल्याशिवाय मी मधाबद्दल काही लिहूच शकत नाही.

सोया सॉसमध्ये मीठ सोळा-अठरा टक्के असतं. तेवढ्या मिठात रोग पसरवणारे जंतू उभे राहू शकत नाहीत. तरीही बनवणारे उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा म्हणतात, कारण महिने उलटले की हवेने त्याचा सुगंध बसतो आणि रंग अधिक काळा होतो. कमी मिठाच्या सोया सॉसची गोष्ट वेगळी. त्यावर पांढरट साय धरू शकते. ती मीठ सोसणाऱ्या यीस्टची असते. फिश सॉसचंही मुख्य बळ मिठातच.

इथेच मला एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. ‘कमी मीठ’, ‘कमी साखर’, ‘लाइट’, ‘परिरक्षकविरहित’ असं लेबलवर असेल तर ते आरोग्यासाठी कदाचित चांगलं असेल, पण राखण करणाऱ्यांपैकी कुणाला तरी त्यांनी घरी पाठवलेलं आहे. साध्या जॅममध्ये साठ-पासष्ट टक्के साखर असते. निम्म्या साखरेचा जॅम त्या मानाने उघडाच पडतो. हलक्या मेयोनीजमध्ये तेलाच्या जागी पाणी आलेलं असतं. अशी बाटली उघडली की फ्रिजमध्येच, तिथे वाद नको. आईने आयुष्यभर जॅम कपाटात ठेवला आणि काही झालं नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं खरंच असतं. पण आईचा जॅम आणि हातातली ही बरणी यांत साखरेचा जमीनअस्मानाचा फरक असतो.

जॅमवरून मावशीचा फोन आठवला. तिच्या बरणीच्या झाकणाला आतून हिरवट पांढरा ठिपका दिसला होता.

‘अगं, वरचा थर काढून टाकला तर बाकीचा चालेल ना? जॅम तर चांगला दिसतोय.’

‘नको मावशी, अख्खी बरणी टाक.’

‘अगं पण फ्रिजमध्येच होती की ती!’

‘फ्रिजमध्ये होती गं, पण चमचा कसला घालत होतीस?’

पलीकडे जरा वेळ शांतता. मग कळलं की घरातली मुलं पावाला लावलेलाच चमचा पुन्हा बरणीत घालत होती. पावाचा चुरा बरणीत पडला की तो पाणी शोषून ओला होतो आणि त्याच्या भोवतीचा जॅम पातळ होतो. आजूबाजूला साखरेचा पहारा असला तरी तेवढ्या जागी बुरशीला पाय रोवायला मिळतात. शिवाय फ्रिजमधून काढलेली थंड बरणी टेबलावर उघडी राहिली की हवेतलं बाष्प तिच्यावर धरतं. झाकण लावून ती परत आत गेली की झाकणाखाली पाण्याचे बारीक थेंब जमतात आणि जॅमच्या पृष्ठभागावर टपकतात. वरच्या पातळ थरापुरतं पाणी मोकळं होतं. बुरशी बहुतेक वेळा झाकणाच्या आतूनच सुरू होते ती यामुळे. कोरडा, स्वच्छ चमचा आणि काम झाल्याबरोबर बंद केलेलं झाकण यांनी जितकं वाचतं तितकं नुसत्या थंडाव्याने वाचत नाही, हे मी माझ्या कामातून ठामपणे सांगू शकते.

आणि वरचा थर काढून बाकीचं खाऊ नये, असं मी का म्हणते? दिसणाऱ्या बुरशीचे धागे खालपर्यंत गेलेले असतात आणि काही बुरश्या विषं तयार करतात, हे एक कारण. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. काही बुरश्या पदार्थातलं आम्ल खातात. आम्ल संपत गेलं की त्या जागचा पीएच वर चढतो, आणि ज्या ४.६ च्या भिंतीवर आपण भरवसा ठेवलेला असतो ती तेवढ्या भागात खचते. म्हणजे बुरशी ही नुसती स्वतःपुरती घाण नसते, तिच्यामागून येणाऱ्यासाठी ती दार उघडून ठेवते. टोमॅटोच्या पदार्थांत हे विशेष लक्षात ठेवायला हवं.

टोमॅटोचा विषय निघालाच आहे तर, पास्ता सॉस म्हणजे केचप नव्हे. दोन्ही लाल, दोन्ही बाटलीत, म्हणून लोक दोन्हींना एकच न्याय लावतात. पास्ता सॉसमध्ये व्हिनेगर नसतं किंवा नावापुरतं असतं, साखर थोडी, आंबटपणा जेमतेम सीमेच्या आत. बंद बाटली टिकते ती उष्णतेने निर्जंतुक केल्यामुळे. उघडली की ते संरक्षण संपलं. ती फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवायची. तुळशीसारखी ताजी पानं, लसूण, चीज आणि तेल वाटून केलेल्या पेस्टोचंही तसंच, किंबहुना अधिक कडक.

मेयोनीजबद्दल लोकांच्या मनात सर्वांत जास्त भीती आहे आणि ती थोडी चुकीच्या जागी आहे. कारखान्यात तयार होणारं नेहमीचं मेयोनीज पाश्चरीकृत, म्हणजे उष्णता देऊन जंतू मारलेल्या अंड्याचं असतं, त्यात व्हिनेगर किंवा लिंबू असतं आणि पीएच चारच्या जवळपास. त्यात मुद्दाम साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू सोडून पाहिला तर तो वाढायच्या ऐवजी मरतो. गंमत म्हणजे साध्या तापमानाला तो लवकर मरतो आणि फ्रिजमध्ये उशिरा, कारण थंडीत जंतूचे व्यवहारच मंदावतात आणि आम्लाचा मारा त्याला कमी जाणवतो. सहलीला नेलेल्या सॅलडमुळे पोटं बिघडली की दोष मेयोनीजवर येतो. खरं तर उकडलेला बटाटा, अंडं किंवा चिकन हे आंबट नसतात, हाताळताना त्यांना जंतू लागतात, आणि त्यात मिसळलेल्या मेयोनीजचा आंबटपणा पातळ होऊन जातो. असं सॅलड उन्हात दोन तास राहिलं तर ते धोक्याचं आहे, मेयोनीज कुठल्याही बाटलीतलं असो.

मग बाटलीतलं मेयोनीज बाहेर ठेवायचं का? नाही, मी ते फ्रिजमध्येच ठेवते आणि तुम्हालाही तेच सांगेन. त्यात दोन-तृतीयांशाहून जास्त तेल असतं, ते बाहेर लवकर खवट होतं. शिवाय चमचा आत जाणारा पदार्थ आहे. चमच्याबरोबर चिकनचा कण, भाजीचा तुकडा जातो आणि त्या कणाभोवती आंबटपणा पुरेसा राहीलच याची हमी नाही. फक्त फ्रिजच्या अगदी मागच्या भिंतीला टेकवू नका. तिथे ते गोठलं की तेल आणि पाणी वेगळं होतं आणि पुन्हा एकजीव होत नाही.

घरी कच्च्या अंड्याचं केलेलं मेयोनीज मात्र पूर्णपणे वेगळी वस्तू आहे. त्याचा पीएच कुणी मोजलेला नसतो, लिंबू चवीपुरतं पिळलेलं असतं, अंडं पाश्चरीकृत नसतं. ते लगेच फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं. घरात लहान मूल, गरोदर बाई, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर मी ते करायलाच सांगणार नाही.

मस्टर्ड आणि वसाबी, हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळांच्या चटण्या यांचा फ्रिजशी संबंध तिखटपणापुरता आहे. मोहरीचे दाणे किंवा ही मुळं वाटली आणि पाणी लागलं की एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने त्यांच्यात नाकात झणझणणारी द्रव्यं तयार होतात. ती उडून जाणारी असतात. बाटली बाहेर राहिली तर काही महिन्यांत झणका उतरतो आणि नुसता आंबटपणा उरतो. फ्रिजमध्ये तो जास्त टिकतो. झणका आवडत नसेल तर बाहेर ठेवायला हरकत नाही. व्हिनेगर, मिरची, मीठ एवढ्यावरच बनलेला पातळ मिरचीचा सॉस कपाटात बिनधास्त राहतो, थोडा काळवंडेल इतकंच. त्यात फळांचा गर, कांदा, लसूण घालून केलेला घट्ट सॉस असेल तर लेबल वाचा आणि तो आत ठेवा.

मेपल सिरप गोडमिट्ट असलं तरी मधाइतकं कोरडं नसतं. उघडल्यावर त्यावर बुरशी धरते, म्हणून फ्रिज. पीनट बटर कोरडं असल्याने कपाटात चालतं. फक्त शेंगदाणेच असलेलं, वर तेल तरंगणारं असेल तर फ्रिजमध्ये खवट व्हायला जास्त वेळ लागतो. तेलांत जवस आणि अक्रोडाची तेलं फार नाजूक, ती फ्रिजमध्ये. ऑलिव्ह तेल अंधाऱ्या कपाटात ठेवावं. फ्रिजमध्ये ते गढूळ दिसतं, पण बाहेर काढल्यावर पुन्हा निवळतं, बिघडलेलं नसतं.

आता त्या लसणाच्या तेलाकडे येते. लसूण जमिनीत वाढतो, आणि मातीत बोट्युलिनमचे बीजाणू सगळीकडे असतात. लसूण आंबट नाही, त्याचा पीएच सहाच्या आसपास. तो तेलात बुडवला की हवा तुटते, आणि या जिवाणूला नेमकी हवा नको असते. पाणी लसणात आहेच. स्वयंपाकघराची ऊब वरून. त्याला हवं ते सगळं आपण एका सुंदर बाटलीत एकत्र करून देतो. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटमधल्या सँडविचमुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला. कारण होतं सोयाबीन तेलात ठेवलेला चिरलेला लसूण; तो फ्रिजबाहेर ठेवला होता. सुरुवातीला कित्येकांच्या आजाराचं निदान भलतंच झालं, कारण पापण्या जड होणं, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं यावरून कुणाच्या मनात खाण्याचा संशय येत नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनमध्ये पुन्हा तेलातल्या लसणामुळेच तिघांना झाला. त्यानंतर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने विकायच्या अशा मिश्रणात आम्ल घालणं बंधनकारक केलं. दुकानातल्या बाटलीवर घटकांमध्ये सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल दिसतं ते यासाठी.

घरी केलेल्या तेलात ते आम्ल नसतं. आणि या विषाला ना वास ना चव, तेल जसंच्या तसं सोनेरी आणि खमंग राहतं. उकळत्या तेलात लसूण टाकला होता म्हणून निश्चिंत राहू नका. हे बीजाणू उकळण्याच्या तापमानाला दाद देत नाहीत. लसूण, ताजी मिरची किंवा ताजी पानं घातलेलं घरचं तेल फ्रिजमध्ये ठेवा, आणि चार दिवसांत संपलं नाही तर टाकून द्या. जास्त दिवस हवं असेल तर छोट्या वाट्यांत भरून फ्रीझरमध्ये गोठवा. पूर्ण वाळवलेल्या मसाल्यांचा धोका बराच कमी, कारण त्यांत पाणीच नसतं. कुणाच्या घरी अशी बाटली दिसली की मी आडपडदा न ठेवता सांगते. कुणाला आगाऊपणा वाटला तरी चालेल.

लेबलवरच्या सूचनेबद्दल थोडं. ‘उघडल्यानंतर फ्रिजमध्ये ठेवा’ हे एकच वाक्य दोन वेगळ्या कारणांसाठी छापलेलं असतं, आणि कारण कुठलं ते छापलेलं नसतं. केचपवर ते चवीसाठी, पास्ता सॉसवर जिवासाठी. मला हे मनापासून खटकतं. कामाच्या ठिकाणी मी ते अनेकदा बोलून दाखवलंय, की कारणही एका ओळीत लिहू या. तोवर तुम्ही घटकांची यादी वाचा. पहिल्या चार-पाच नावांत व्हिनेगर, मीठ किंवा साखर ठळकपणे असेल आणि बाटलीत चमचा घालावा लागत नसेल, तर ती बाहेर राहू शकते. ताज्या भाज्या, दूध, चीज, अंडं, ताजा लसूण दिसला आणि आंबटपणा नावापुरता असेल तर आत. शंका आली तर आत ठेवण्याने मधाचे खडे होण्यापलीकडे फारसं काही बिघडत नाही.

फ्रिजचं दार हा फ्रिजमधला सर्वांत उबदार भाग असतो. दर वेळी उघडताना बाहेरची हवा आधी तिथे लागते. आतल्या फळीवर चार अंश असले तरी दारात त्याहून जास्त भरतात. म्हणून दारात केचप, मस्टर्ड, सोया सॉस यांना बसवा. पेस्टो, उघडलेला पास्ता सॉस, घरचं मेयोनीज, लसणाचं तेल यांना आतल्या मधल्या फळीवर जागा द्या, आणि झाकणावर उघडल्याची तारीख पेनने लिहा. बाहेर राहणाऱ्या बाटल्याही गॅसच्या शेजारी नकोत. पदार्थ साध्या तापमानाला टिकतो असं म्हणताना आम्ही वीस-पंचवीस अंश धरलेले असतात, आणि गॅसच्या बाजूच्या फळीवर स्वयंपाक चालू असताना सहज पस्तीस-चाळीस होतात.